मुंबईच्या एका दिवसाच्या कामाला कुठल्या गाडीचं तिकीट काढावं?

गेल्या दोन वर्षांत मावशीला घेऊन मुंबईला माझ्या सात खेपा झाल्या. परळला तपासणी, दुपारी डॉक्टरांची भेट, रिपोर्ट घ्यायचे आणि परत. आमच्या डिचोलीतूनच नव्हे, सगळ्या गोव्यातून माणसं अशी जातात. कुणी हॉस्पिटलला, कुणी व्हिसाला, कुणी मुलाच्या परीक्षेला. दर वेळी कुणीतरी मला फोन करून विचारतं, "गाडी कुठली घेऊ?" म्हणून आज सविस्तर लिहिते.

माझं मत स्पष्ट आहे. काम एका दिवसाचं असेल तर गाडी किती वेगानं जाते हे बघू नका. ती तुम्हाला मुंबईत किती वाजता उतरवते ते बघा.

वंदे भारत, तेजस, जनशताब्दी या तिन्ही गाड्या चांगल्या आहेत, पण त्यांचं वेळापत्रक नीट बघा. तिन्ही सीएसएमटीहून पहाटे सहाच्या आत सुटतात आणि दुपारी मडगावला येतात. मग इथून दुपारी निघून रात्री उशिरा मुंबईत पोचतात. मुंबईहून गोवा बघायला येणाऱ्याला हे अगदी सोयीचं आहे. पण आपण उलट्या दिशेनं जातो. दुपारी निघायचं म्हणजे तो दिवस गेला, रात्री पोचलं की लॉज. दुसऱ्या दिवशी काम आणि पुन्हा लॉज, कारण परतीची गाडी पहाटेची. तिसऱ्या दिवशी दुपारी घरी. पहिल्या खेपेला मी हेच केलं. मावशीचा बसून राहण्याचा त्रास वाचावा म्हणून सगळ्यात कमी तासांची गाडी निवडली, आणि रात्री अकरानंतर तिला घेऊन परळच्या गल्लीत लॉजचा पत्ता शोधत फिरले. त्या एका दिवसाच्या कामाला दोन रात्रींचं भाडं भरलं.

कोकणकन्या संध्याकाळी सातच्या सुमारास मडगावहून निघते, आठच्या आसपास आमच्या जवळच्या थिवी स्टेशनला येते आणि पहाटे दादर, सीएसएमटी. परत येताना ती रात्री अकराच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते. म्हणजे दिवसभर काम करून, जेवून, सावकाश स्टेशनवर यायचं. लॉजची गरजच नाही. परळला जायचं असेल तर सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, दादरला उतरा. तिथून परळ लोकलनं पुढचंच स्टेशन. पहाटे त्या लोकलमध्ये बसायला जागा मिळते. आठनंतर हातात बॅग आणि सोबत आजारी माणूस असेल तर डब्यात पाय ठेवणंही कठीण.

आता तिकीट. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, सकाळी आठ वाजता. हॉस्पिटलची तारीख कळली की त्याच दिवशी तिकीट बघायचं, आणि आधी परतीचं. जाताना एखादा दिवस अलीकडे-पलीकडे करता येतो, पण काम आटोपल्यावर आजारी माणसाला घेऊन मुंबईत अडकणं फार वाईट. तत्काळच्या भरवशावर राहू नका. आदल्या दिवशी एसीचं दहाला आणि स्लीपरचं अकराला उघडतं, आणि चवथीच्या किंवा मे महिन्याच्या दिवसांत बघता बघता संपतं. शिवाय तत्काळमध्ये सवलत लागू होत नाही.

सवलतीचं अजून बऱ्याच जणांना माहीत नाही. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, आणि सोबत जाणाऱ्या एका माणसाला 75 टक्के सवलत. हॉस्पिटलचं प्रमाणपत्र घेऊन तिकीट खिडकीवर काढायचं. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मात्र मार्च 2020 मध्ये गेली ती गेलीच. ती परत यायला हवी. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला दर तीन महिन्यांनी मुंबई गाठायची असेल तर ती रक्कम लहान नाही.

थिवीहून चढणाऱ्यांनी एक करून बघावं. तिकीट मडगावपासून काढायचं आणि बोर्डिंग थिवी टाकायचं. भाड्यात थोडाच फरक पडतो, पण वेटिंग आलंच तर गाडी सुटते त्या स्टेशनच्या यादीतलं लवकर कन्फर्म होतं. मधल्या स्टेशनांची यादी वेगळी असते आणि ती हलता हलत नाही. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगच राहिलं तर आपोआप रद्द होतं, ते घेऊन गाडीत चढता येत नाही. आणि लोअर बर्थचा वेगळा कोटा असतो, पुरुषांना 60 आणि बायकांना 45 वर्षांनंतर. पण तो एकट्या किंवा दोघांच्याच तिकिटाला लागतो, आणि दोघंही त्या वयाचे हवेत. माझं नाव मावशीच्या तिकिटात घातलं की तिचा तो हक्क गेला. म्हणून आता तिचं तिकीट वेगळं काढते आणि माझं वेगळं.

हे सगळं मला उशिरा कळलं. तिसऱ्या खेपेला आम्हाला आरएसी मिळालं होतं, म्हणजे साइड लोअरचा एकच बर्थ दोघींना. मावशी खिडकीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन, रिपोर्टची पिशवी मांडीवर धरून बसली होती. पिशवी खाली ठेव म्हटलं तर ऐकेना, एक्स-रे दुमडेल म्हणे. रत्नागिरी गेल्यावर मला म्हणाली, "तू पाय सोड गो, मला काय झोप येत नाही." चार दिवसांपूर्वीच तिची केमो झाली होती. मी पाय सोडले नाहीत, आणि दोघी तशाच दादरपर्यंत जाग्या राहिलो.

म्हणून मला मनापासून वाटतं की गोव्यातून सुटणारी, रोज रात्री धावणारी आणखी एक गाडी हवी. मत्स्यगंधा आहे, पण ती मंगळुरूच्या बाजूनं भरून येते आणि कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला सोडते. गोव्याला कोटा पुरत नाही. रोहा ते वीर एवढा भाग सोडला तर बहुतेक मार्ग अजून एकेरी आहे, गाड्या वाढवणं सोपं नाही, हे मला मान्य आहे. पण कोकण रेल्वेच्या कंपनीत पहिल्यापासून गोवा सरकारचंही भांडवल आहे. या मार्गासाठी आपल्या गावांनी जमिनी दिल्या. मग नवी गाडी आली की ती दर वेळी पर्यटकांच्या सोयीचीच का? आमदार-खासदारांनी या प्रश्नावर बोलावं. थिवीच्या फलाटावर संध्याकाळी सातनंतर एकदा येऊन उभं राहावं. हातात फाइल घेतलेली किती माणसं बाकावर बसलेली असतात ते त्यांना दिसेल.

पावसाळ्यात वेळापत्रक बदलतं. गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि निघण्याच्या वेळाही वेगळ्या असतात, तेवढं आधी तपासा.

मावशीची पुढची तारीख कळली आहे. 60 दिवस मागे मोजून कॅलेंडरवर लाल खूण केली आहे, परतीच्या तिकिटाचा दिवस आहे बुधवार. सकाळी आठला मी फोन घेऊन बसेन, आणि मावशी शेजारी चहा घेऊन.