पाकीट तरी उघडा!

गेल्या मंगळवारी एका दैनिकाच्या कार्यालयात गेलो होतो. रविवार पुरवणी बघणाऱ्या गृहस्थांच्या टेबलाशेजारी जमिनीवर पाकिटांची चळत होती आणि वरून तिसरं पाकीट माझं. माझ्याच अक्षरातला पत्ता, कोपऱ्यावर मीच मारलेली खाकी चिकटपट्टी, जशीच्या तशी. सव्वातीन महिने झाले ते देऊन! आत माझ्या पुस्तकाच्या दोन प्रती आहेत, कारण यांना एक चालत नाही. वर 'अभिप्रायार्थ' असंही लिहिलंय. आणि ते गृहस्थ माझ्या तोंडावर म्हणतात, "हो हो, वाचलं. चांगला प्रयत्न आहे."

जिना उतरताना हात थरथरत होते माझे. वाचून टाकाऊ म्हणाले असते तर ऐकून घेतलं असतं. पण पाकीटसुद्धा फाडायचं नाही आणि वर खोटं बोलायचं?

मी एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी सुटली, हे सगळ्यांना पाठ असतं. पण सकाळी साडेपाचची गाडी फलाटावर लागावी म्हणून रात्रपाळीत पिटमध्ये, म्हणजे गाडीखालच्या खड्ड्यात, उतरून क्लचप्लेट कोण बदलतो, पावसाळ्यात त्याच पिटमध्ये पाणी साचलं की काय करतो, हे कुणी लिहायचं? मी लिहिलं. चार वर्षं लागली. दोन प्रकाशकांनी नकार दिला, तिसऱ्याने छपाईचा सगळा खर्च माझ्याकडेच मागितला. मग म्हटलं, पैसे माझेच जाणार असतील तर मीच काढतो. पदरमोड करून ५०० प्रती छापल्या. २०८ पानं, प्रत पडली ११८ रुपयांना, किंमत ठेवली २५०. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, स्वतः अर्ज करून घेतला. त्याला सरकार एक पैसाही घेत नाही. मुद्दाम सांगतो, कारण माझ्याकडे त्याचेच तीन हजार मागणारे भेटले होते.

छपाईपर्यंत जे झालं त्याला मी त्रास म्हणतच नाही. खरं मरण पुस्तक हातात आल्यावर.

विक्रेता म्हणतो, पन्नास टक्के कमिशन, पुस्तकं ठेवून जा, विकली की हिशेब करू. म्हणजे मला १२५. प्रतीमागे सात रुपये सुटणार, तेही कधी ते देव जाणे, आणि गठ्ठे पोचवायचं रिक्षाभाडं माझं. महिन्याने जाऊन बघतो तर पुस्तकं स्पर्धा परीक्षेच्या गाइडांच्या मागे, कणा भिंतीकडे करून. गिऱ्हाइकाला दिसणार कशी?

प्रसिद्धी करून देतो म्हणणाऱ्यांचे फोन तर छपाईची शाई वाळायच्या आत सुरू झाले. परीक्षण पाच हजार, मुलाखतीसकट आठ, "आणि मजकूर तुम्हीच लिहून पाठवा." माझ्या पुस्तकाचं कौतुक मीच लिहायचं, त्याचे पैसे मीच मोजायचे आणि खाली नाव दुसऱ्याचं! पुरस्कारवाल्यांची तीच तऱ्हा. प्रवेशशुल्क ७००, वर चार प्रती, निवड झालीच तर स्वखर्चाने या. असला पुरस्कार मला नको. वाचकाची ही सरळ फसवणूक आहे.

घरचेही कमी नाहीत. ज्या मेहुण्याने मुलाच्या साखरपुड्यात ताटामागे साडेसहाशे मोजले, तो अडीचशेचं पुस्तक "आम्हाला नाही का भेट?" म्हणून काखेत मारून घेऊन जातो. अशा नव्वद प्रती गेल्या. न्या बाबांनो, पण वाचून चार ओळी तुमच्या ग्रुपवर टाका एवढंच म्हणत होतो. रोज सकाळी गुलाबाची फुलं टाकायला यांना वेळ असतो.

त्यात डिसेंबर २०२४ मध्ये बुकपोस्टची, म्हणजे पुस्तकं टपालाने स्वस्तात पाठवायची, सवलत बंद झाली. त्याआधी अडीचच महिने, ३ ऑक्टोबरला, मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून आमच्या गावात पेढे वाटले होते. वाटणाऱ्यांपैकी एकानेही बुकपोस्टबद्दल तोंड उघडलं नाही. आता टपालखर्चाचा आकडा सांगितला की फोनवरचा माणूस "बघतो, कळवतो" म्हणतो.

आणि मराठीत वाचणारे उरले नाहीत, हे मला कुणी सांगू नका. डेपोच्या कँटीनमध्ये मी १४० प्रती विकल्या, रोख. एका ड्रायव्हरने रात्री अकराला फोन केला. "साहेब, पान ७३ वर गिअरबॉक्सचं लिहिलंय ते चुकलंय." अर्धा तास भांडला माझ्याशी! मी वही काढून पडताळलं, त्याचंच बरोबर होतं. याला म्हणतात अभिप्राय. दिवसभर घाटात गाडी हाणून आलेल्या माणसाला पान ७३ पर्यंत पोचायला वेळ मिळतो आणि ज्यांना पुस्तकं वाचायचाच पगार मिळतो त्यांना चिकटपट्टी काढवत नाही?

गुरुवारी मी परत जाणार आहे त्या कार्यालयात. पाकीट मागून आणणार. जामखेडच्या एका कंडक्टरला दोन प्रती हव्या आहेत, त्याने पैसे आधीच पाठवलेत.