पापण्या मोजून पार्किन्सन कळत नाही, कृपया घाबरू नका

तो मेसेज परत फिरतोय, एका मिनिटात १० पेक्षा कमी वेळा पापणी लवली तर मेंदूतलं डोपामिन (हालचालींसाठी लागणारं रसायन) संपतंय, पार्किन्सन सुरू झालाय. आमच्या काकूंनी मोबाईलकडे बघत बघतच मोजलं, ५ आले आणि रात्रभर झोपल्या नाहीत. अहो, स्क्रीन बघताना किंवा वाचताना पापण्या सगळ्यांच्याच कमी लवतात! नुसतं बसलेलं असताना साधारण १५-२० वेळा लवतात पण माणसागणिक खूप फरक असतो, गप्पा मारताना तर अजून वाढतात.

मेसेजमध्ये थोडं खरं आहे म्हणूनच तो पटतो. पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात, हालचाली मंदावतात, चेहरा निर्विकार दिसतो आणि पापण्याही कमी लवतात. पण उलटं धरता येत नाही, कारण निरोगी लोकांचं पीईटी स्कॅन (मेंदूतल्या डोपामिनचा अंदाज देणारी तपासणी) करून बघितलं तेव्हा पापण्या आणि डोपामिनचा सरळ मेळ काही बसला नाही, आणि पार्किन्सनच्या काही पेशंटना तर डोळे आपोआप घट्ट मिटायचा त्रास होतो.

डॉक्टर आधी हालचालींचा मंदपणा बघतात, सोबत बसल्या जागी हाताचा कंप किंवा अंगाचा ताठरपणा. आणि हे महत्त्वाचं, उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड आणि काही मानसिक आजारांवरची औषधं डोपामिन अडवतात, त्यानेही अशीच लक्षणं येऊ शकतात, तेव्हा चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा, स्वतःहून गोळी बंद मात्र करू नका.