टोरांटोला निघालात? साठाचा पाढा पाठ करा

ऑफर लेटर आलं ना? मग कॅनेडियन डॉलरमधल्या पगाराला साठाने गुणा, म्हणजे साधारण रुपये निघतात, आणि आकडा घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कानावर घालावा तसा सहज टाका. काकांचे अंगठे येऊ द्या. प्राप्तिकर, पेन्शनची कपात, बेकारी विमा असल्या फुटकळ गोष्टी वजा करत बसू नका. ते काम पहिली पगाराची स्लिप चोख करते.

घर मात्र नव्याकोऱ्या काचेच्या टॉवरमध्येच घ्या. टोरांटोच्या ओंटारिओ प्रांतात दरवर्षीच्या भाडेवाढीला सरकारी मर्यादा असते, 2025 साली ती 2.5 टक्के होती. पण 15 नोव्हेंबर 2018 नंतर पहिल्यांदा वस्ती झालेल्या घरांना ती लागू नाही. जुन्या इमारतीत राहून घरमालकाच्या कल्पनाशक्तीचा असा अपमान का करायचा? पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचं भाडं आधीच मोजून द्या. इथली क्रेडिट हिस्टरी दाखवा म्हणाले तर नम्रपणे हसा. पुण्यात वीस वर्षं वेळेवर भरलेले हप्ते इथे कुणाच्या खिजगणतीत नाहीत.

फारच महाग वाटलं तर टोरांटोशेजारच्या ब्रॅम्प्टनचं बेसमेंट आहेच. कोथरूडला तळमजल्यावरचा फ्लॅट ‘उजेड येत नाही हो’ म्हणून नाकारणाऱ्या आपल्यासारख्यांना जमिनीखाली एकदम घरगुती वाटतं. खिडकीतून शेजाऱ्यांचे बूट दिसतात, तेवढीच सोबत. भाड्यात वाचलेले पैसे कुठे ठेवायचे ही चिंता नको. तिथे गाडी लागते, आणि गाडीचा विमा राहत्या पत्त्यावरही ठरतो. ब्रॅम्प्टनचा पत्ता ऐकला की विमा एजंटचा आवाज कसा मायेने ओला होतो!

गाडी नको असेल तर बस आणि सबवे आहेत. प्रेस्टो या प्रवासाच्या कार्डावर तिकीट 3.30 डॉलर. ‘म्हणजे दोनशे रुपये’ असं पुटपुटत दारात थबकू नका, मागे रांग असते.

बाहेर जेवायला जरूर जा. मेन्यूवर थाळी 20 डॉलरची असते, हा आकडा केवळ साहित्यिक आहे. त्यावर 13 टक्के विक्रीकर. मग वेटर कार्डाचं मशीन तुमच्यापुढे धरून छताकडे बघू लागतो. स्क्रीनवर 18, 20, 25 टक्के टिप. तुम्ही काटकसरी, 18 दाबता. मशीन टिप करासकट रकमेवर काढतं आणि झाले 26.67 डॉलर. सोळाशे रुपये. वर भाजीत मीठ कमी.

बचतही होते, नाही असं नाही. 2013 साली पेनीचं, म्हणजे एक सेंटच्या नाण्याचं, वाटप थांबलं, त्यामुळे रोखीचं बिल पाच सेंटच्या पटीत येतं. वाणसामान रोखीने घेतलंत तर नशिबाने दोन सेंट वाचतील. साठाने गुणा: एक रुपया वीस पैसे!

आईचा व्हिडिओ कॉल आला की बर्फ दाखवा, जॅकेट दाखवा, चार लिटर दुधाच्या पिशव्या दाखवा. भाडं विचारलं तर ‘नेटवर्क जातंय गं’ म्हणा. तिला साठाचा पाढा तोंडपाठ आहे.