अधू सशाचे दिवसाला 80 रुपये जादा का घेतले: आपल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आमच्या पाळणाघराला एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय परवा रात्री पुतण्याने मोबाइलवर वाचून दाखवला. नऊ दिवसांनी आपल्या सशाला, गोलूला, न्यायला आलात तेव्हा त्याच्या पोटाखालचे केस ओले व पिवळे होते आणि त्यांना वास येत होता. येताना तो चालत होता, जाताना पाय ओढत होता. आणि ‘ससा जरासा लंगडतो एवढ्यासाठी गावातल्या लोकांनी 720 रुपयांना लुटले’, अशा तीन तक्रारी आपण मांडल्या आहेत. ओल्या केसांबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. आपण सायंकाळी सहाला येणार होतात आणि साडेतीनलाच पोचलात हे खरे असले, तरी दुपारी दोनला एकदा नजर टाकण्याचा आमचा शिरस्ता आहे आणि तो त्या दिवशी पाळला गेला नाही. आमच्या सौ. भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या व मी एकटा होतो. चूक आमचीच आहे.

‘लुटले’ या शब्दाबद्दल मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही.

आमच्याकडे धडधाकट सशाचे दिवसाला 120 रुपये आहेत आणि ज्याचे मागचे पाय काम करत नाहीत त्याचे 200, म्हणजे 80 जास्त. नऊ दिवसांचे 720 होतात, हा आपला हिशेब बरोबर आहे. धडधाकट ससा आपले आपण पाहतो. त्याला गवत आणि पाणी द्यावे, दिवसातून एकदा खुराडे झाडावे, की झाले. मागच्या पायांत जोर नसलेल्या सशाला लघवी करताना पार्श्वभाग उचलता येत नाही, त्यामुळे लघवी अंगाखालीच पसरते, केस भिजतात, एक-दोन दिवसांत कातडी लाल होऊन सोलपटते आणि त्या वासावर माशी येते. मे महिन्यात आर्वी तालुक्यात माशी कशी असते हे आपल्याला ठाऊक आहे. तिने शेपटीखाली घातलेली अंडी दिवसभराच्या आतच फुटू शकतात, आणि अळ्या एकदा मांसात शिरल्या की सशाला वाचवणे कठीण होते. म्हणून पहाटे पाच, सकाळी अकरा, सायंकाळी पाच आणि रात्री दहा अशा चार वेळा गोलूला परातीत घेऊन, कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने तेवढीच जागा पुसून, मऊ फडक्याने अगदी कोरडी करावी लागत होती. आपण लिहिता की त्याला ‘साधी आंघोळ सुद्धा घातली नाही’. ताई, सशाला आंघोळ घालत नाहीत. पूर्ण भिजलेला ससा घाबरून गारठतो आणि कधी कधी त्या धसक्यानेच जातो.

अंथरूणही दर वेळी बदलावे लागते. आमच्या आईच्या जुन्या सुती लुगड्यांच्या चार पदरी घड्या करून आम्ही वापरतो, कारण जाळीवर किंवा फरशीवर बसून बसून अशा सशाच्या टाचांना जखमा होतात. सशाच्या लघवीत कॅल्शियम पुष्कळ असते, त्याचा खडूसारखा पांढरा थर कापडावर बसतो आणि तो हाताने चोळल्याशिवाय निघत नाही. नऊ दिवसांत छत्तीस घड्या धुतल्या.

आणखी एक गोष्ट आहे, जी सांगायला जरा संकोच वाटतो. ससा दोन प्रकारची लेंडी टाकतो. एक सुकी, आणि दुसरी मऊ, काळपट, बारीक द्राक्षांच्या घोसासारखी चिकटलेली, जी तो खाली वाकून तिथेच तोंडाने घेऊन खातो. तीत त्याची जीवनसत्त्वे असतात, ती त्याला मिळालीच पाहिजे. गोलूला वाकता येत नव्हते. पहिल्या दोन दिवसांत ती त्याच्या केसांत लिंपली जायची. तिसऱ्या दिवसापासून आमच्या सौ. पहाटे त्याला मांडीशी टेकवून धरत, घोस खाली पडला की बोटाने उचलून त्याच्या ओठांशी नेत, आणि तो डोळे अर्धे मिटून खात असे. या चार फेऱ्यांचा दोन माणसांचा वेळ धरला, तर 80 रुपयांत निंदणाची अर्ध्या दिवसाची मजुरी सुद्धा निघत नाही. कापूस, कुलरची वीज आणि वीज गेल्यावर खिडकीला लावायची ओली पोती यांचे आम्ही वेगळे घेतलेले नाही. 45 अंशांच्या उन्हात, जिथे तिशीच्या वर पारा गेला की सशाला त्रास होतो, तिथे गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून त्याच्याजवळ ठेवल्या होत्या.

हा जादा दर मी आपल्याला फोनवर सांगितला होता आणि आपण ‘चालेल’ म्हणाला होतात. गडबडीत ते लक्षात राहिले नसावे, यात मी आपल्याला दोष देत नाही. पण तो दर दारावरच्या पाटीवर लिहिलेला नव्हता, हे आपले म्हणणे मला मान्य आहे.

आता चालण्याबद्दल. गोलू आला त्या दिवशीच्या वहीत माझ्या हस्ताक्षरात नोंद आहे: ‘मागचा डावा पाय फाकतो, उजवा ओढतो, शेपटीखाली ओलसर, वजन 1 किलो 850 ग्रॅम.’ त्याच सायंकाळी त्याचा व्हिडिओ मी आपल्या व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. जाताना वजन 1 किलो 840 ग्रॅम भरले. बारा तास जरी ससा खाल्ल्याविना राहिला तरी त्याचे आतडे थांबण्याची भीती असते, त्यामुळे वजन टिकले याचे आम्हाला समाधान वाटले होते. सोबत दिलेली बिस्किटे आम्ही दिली नाहीत, हराळी, मारवेलचे वाळलेले गवत आणि थोडी कोथिंबीर दिली.

लिहू की नको असा विचार करत होतो, पण आपण सर्वांसमोर लिहिले आहे म्हणून लिहितो. आपल्या चिरंजीवांनी गाडीतून गोलूला कान धरून उचलले होते. लहान मूल आहे, त्याला कोणी सांगितले नसेल. सशाची हाडे फार हलकी असतात आणि मागच्या पायांचे स्नायू जबर. लटकवल्यावर तो अशी लाथ झाडतो की कमरेचा मणका मोडू शकतो. गोलूचे असेच झाले, असे मी म्हणत नाही. त्याचे वय सहा वर्षांचे आहे, तेव्हा सांध्यांचा किंवा मणक्यांचा आजार असू शकतो. मेंदूत व मूत्रपिंडात शिरणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीनेही मागचे पाय जातात, आणि त्यावर डॉक्टर बहुधा 28 दिवसांचे औषध देतात. एक्स-रे आणि रक्ततपासणीशिवाय कोणालाच काही सांगता येणार नाही. म्हणूनच मी न्यायच्या दिवशी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा म्हटले होते. नागपूरला जायचे म्हणजे दिवस मोडतो, हे मला कळते, तरीही दाखवावे.

सोयाबीनच्या भावावर आमचे घर चालत नाही, म्हणून शेळ्यांच्या जोडीला हे पाळणाघर सुरू केले. या भागात ससा सांभाळायला देणारी घरे बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि आपला अभिप्राय वाचून पुढच्या आठवड्याच्या एका कुटुंबाने काल नकार कळवला. दरांची पाटी नव्याने रंगवून घेत आहोत, दुपारच्या फेरीसाठी शेजारच्या मुलाला बोलावण्याचाही विचार आहे, बाकी जे जे सुधारता येईल ते पाहू.

आपला निळा टॉवेल इथेच राहिला आहे, तो धुऊन ठेवला आहे. त्यासोबतच्या पिशवीत पिसवांवर लावायच्या, कुत्र्यांच्या थेंबांची बाटली निघाली. तिच्यावर फिप्रोनिल असे लिहिले आहे, आणि ते सशाला विषारी असते, म्हणून आम्ही ती उघडली नाही. घरी अशी दुसरी बाटली असल्यास कृपया गोलूला लावू नये.

आपला नम्र,
पाळणाघर चालक