फाटक्या खिशाचा पंचनामा

आधी शांत व्हा. वेबवरचे लेख नंतर वाचायला साठवून ठेवणारं पॉकेट बंद होणार हे फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने 22 मे 2025 ला जाहीर केलं, 8 जुलैला ते बंद झालंही, आणि तुम्हाला हे परवा कळलं. बारा वर्षं ज्या खिशात ऐवज कोंबत होतात तो फाटल्याचं कळायला इतके दिवस लागले, म्हणजे खिशात हात किती वेळा जात होता ते उघडच आहे. पण तो विषय आज काढायचा नाही. आज हळहळायचं आहे.

हळहळायलाही वंशावळ माहीत हवी. 2007 साली फायरफॉक्ससाठी एक ॲड-ऑन आलं, नाव 'रीड इट लेटर'. निदान नाव तरी प्रामाणिक होतं. 2012 मध्ये त्याचं पॉकेट झालं, 2015 मध्ये ते बटण तुम्हाला न विचारता ब्राउझरमध्येच येऊन बसलं आणि 2017 मध्ये मोझिलाने कंपनीच विकत घेतली. बटण आलं तेव्हा 'हे कशाला घुसवलं?' म्हणून तावातावाने बोलला होतात. आता 'हे का काढलं?' असं बोला. ताव तोच वापरला तरी चालेल.

बंद झाल्यावरही काही महिने आपली यादी उतरवून घ्यायची सोय होती. तुम्ही ती उतरवली असेलच. डाउनलोड्समध्ये कुणाच्या तरी लग्नपत्रिकेखाली आणि तीन वीजबिलांच्या वर एक झिप फाइल पडली असेल. ती उघडा. आत सीएसव्ही, म्हणजे साध्या रकान्यांची एक फाइल, आहे: शीर्षक, पत्ता, तारीख, टॅग, स्थिती. लेख कुठे आहेत? लेख नाहीत. लोणच्याच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या तेवढ्या परत मिळाल्यात, बरण्या नाहीत.

त्यातून मराठी लेख साठवायचा शौक असेल तर फाइलवर थेट डबल-क्लिक करून ती एक्सेलमध्ये उघडाच. शीर्षकांच्या जागी टोप्या घातलेली, टिंबं डोक्यावर घेतलेली परदेशी अक्षरं नाचताना दिसतील. लगेच 'माझा मराठी ठेवा नष्ट झाला' अशी पोस्ट लिहायला घ्या. (डेटा टॅबमधून टेक्स्ट-सीएसव्हीचा पर्याय घेऊन फाइल ओरिजिनमध्ये 65001, म्हणजे यूटीएफ-8, निवडलं की मराठी जशीच्या तशी दिसते. पण मग पोस्ट कशावर लिहिणार?)

तारखेच्या रकान्यात दहा आकडी नंबर असतात. ते मोबाइल नंबर नाहीत, फोन लावू नका. 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद आहेत ते. 86400 ने भागा, 25569 मिळवा आणि एक्सेलला म्हणा, ही तारीख आहे. जे फोनवर दोन मिनिटांत वाचून झालं असतं ते नेमकं कधी 'नंतर'वर ढकललं हे आता सेकंदापर्यंत काढता येतं. भारतीय वेळेसाठी साडेपाच तास वाढवायला विसरू नका. उगाच चुकीच्या वेळी आळस केल्याची नोंद नको.

पुढचं काम सोपं. यादी इन्स्टापेपर किंवा रेनड्रॉप अशा दुसऱ्या एखाद्या खिशात चढवा. निम्मे दुवे मेलेले निघाले तर पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाका, तिथे जुनी वेबपानं जपलेली असतात. ही मंडळी 1996 पासून लोकांची पानं सांभाळत आहेत, तुमचंही एखादं पान सापडेल. सापडलं की वाचू नका, साठवा. फक्त नव्या ठिकाणावर फार जीव लावू नका. ऑम्निव्होर नावाची अशीच एक फुकट, गुणी सोय 2024 च्या नोव्हेंबरात गुंडाळली गेली, आणि तिथून पोतं उचलून जे पॉकेटच्या आश्रयाला आले, त्यांच्या डोक्यावरचं छप्पर वर्षाच्या आत पुन्हा उडालं.

आणि यादी उतरवलीच नसेल तर? मग तुमचं नशीब थोर. आता तिथे काय काय होतं हे कुणीच सिद्ध करू शकत नाही. चारचौघांत खुशाल सांगा की गेलेल्या लेखांमध्ये एक ग्रंथ होता, लिहायचाच राहिला.

ज्यांच्याकडे फाइल आहे त्यांची मात्र सुटका नाही. स्थितीच्या रकान्यात दोनच शब्द येतात, 'अनरीड' आणि 'अर्काइव्ह', म्हणजे वाचून बाजूला ठेवलेलं. दुसरा शब्द शोधत खाली खाली जा. अगदी तळाशी एक ओळ दिसेल, आकडा 1372636800, म्हणजे 1 जुलै 2013. त्या दिवशी गूगल रीडर, म्हणजे आवडत्या साइट्सचं नवं लिखाण एका जागी वाचायची गूगलची सोय, बंद झालं होतं. शीर्षक: 'गूगल रीडर बंद होतंय, तुमचं वाचन कसं वाचवाल?' टॅग: 'महत्त्वाचं'. स्थिती: अनरीड.