पटणारा पर्याय म्हणजे गृहीतक नव्हे

स्पर्धा परीक्षांच्या तयारीवरच्या एका लेखात ‘गृहीतकाच्या प्रश्नांचा भरपूर सराव करा’ असा सल्ला वाचला. गृहीतक म्हणजे विधानात न सांगितलेली, पण ते टिकायला मानावीच लागणारी गोष्ट. सराव हवाच, पण माझ्याकडे सीसॅटला (यूपीएससी पूर्वपरीक्षेतल्या आकलन आणि तर्काच्या पेपरला) येणाऱ्या मुलांची एकच चूक सरावाने उलट पक्की होते: जो पर्याय मनाला पटतो, त्यावर खूण करायची.

हे विधान बघा. ‘तालुक्याला एसटीची जादा फेरी सुरू झाली, त्यामुळे मुलींचं कॉलेज सोडण्याचं प्रमाण कमी होईल.’ पर्याय अ: मुलींनी शिकलं पाहिजे. ब: काही मुली प्रवासाच्या अडचणीमुळे कॉलेज सोडतात. क: प्रवास हे कॉलेज सोडण्याचं एकमेव कारण आहे.

आता एकेक पर्याय नाकारून बघा; जो नाकारल्यावर युक्तिवाद कोसळतो, तेच गृहीतक. ‘अ’ नाकारला तरी प्रमाण कमी होऊ शकतंच. ‘क’ नाकारला, म्हणजे लग्न, फी अशी इतर कारणंही असली, तरी युक्तिवाद टिकतो. (हुशार मुलं इथेच फसतात!) ‘ब’ नाकारा, प्रवासामुळे एकही मुलगी कॉलेज सोडत नाही असं धरा, मग एसटीच्या फेरीचा संबंधच उरत नाही. गृहीतक ‘ब’च.

सीसॅट २०१५ पासून यूपीएससीत फक्त ३३ टक्क्यांपुरता पात्रता पेपर आहे, म्हणून मुलं तो शेवटच्या महिन्यावर ढकलतात. कृपया तसं करू नका. रोज दोनच उतारे घ्या, पण प्रत्येक पर्याय असा उलटा करून तपासा.