मेटलचं खोकं

नवरात्र उठलं की आमच्या घरी माळा उतरतो. माळ्यावरचं सामान हॉलमध्ये येतं, हॉलमधली माणसं गॅलरीत जातात आणि बायको चिकटपट्टी नि स्केच पेन घेऊन मधोमध उभी राहते. तिचा नियम एकच. नाव नसलेलं खोकं परत वर चढणार नाही. 'पितळी भांडी', 'गणपतीची आरास', 'लोकरीचे कपडे'. नाव वाचून आत काय आहे ते कळलं पाहिजे, नाही कळलं तर भंगार. बाई नागपूरच्या इतवारी बाजारात वाढलेली. किराणा ओळीत किराणा, सराफा ओळीत सोनं हे पाहत जी मोठी झाली, तिच्याकडून दुसरी काय अपेक्षा करणार?

माझ्या वाट्याला कॅसेटींचं खोकं आलं. नव्वदच्या आगेमागे बर्डीवरून एकेक करून जमवलेल्या. नाट्यसंगीत निघालं, गझला निघाल्या, इंग्रजी रॉक निघालं. खाली अकरा उरल्या. जेथ्रो टल नावाच्या इंग्लंडच्या बँडच्या.

"ह्या कशाच्या?"

"रॉकच आहे, पण..."

"मग रॉकमध्ये टाका ना."

"तसं नाही टाकता येत."

"काहून?"

या 'काहून'नं माझा अख्खा शनिवार खाल्ला.

आता हे लोक रॉकवाले नाहीत असं कोण म्हणेल? 1968 साली त्यांचा पहिला अल्बम आला तेव्हा ते ब्लूज वाजवत होते. म्हणून मी चिठ्ठीवर 'ब्लूज' लिहिलं. मग आठवलं, पुढच्याच वर्षीच्या अल्बममध्ये बाख या जर्मन शास्त्रीय संगीतकाराची एक जुनी रचना बासरीवर आहे. खोडलं. 'फोक' लिहिलं, कारण 1977 मध्ये हीच मंडळी जंगल, जत्रा, शेकोटी असलं काहीबाही गात होती. पण 1984 मध्ये त्यांनी ढोलकरी बाजूला सारून मशीनचा ढोल लावला, तेव्हा फोक कुठलं? तेही खोडलं. मधल्या काळाला जाणकार 'प्रोग्रेसिव्ह' म्हणतात. तेही लिहून पाहिलं, तर बायको म्हणाली, "हे खोक्याचं नाव आहे की शाळेचं?"

मुख्य भानगड बासरीची आहे. इयन अँडरसन हा त्यांचा गाणारा. आधी गिटार वाजवायचा. एरिक क्लॅप्टनसारख्या नामी गिटारवाल्याच्या जवळपासही आपण जाणार नाही हे त्याला वेळेवर कळलं, म्हणून गिटार देऊन बासरी घेतली. (वेळेवर कळणं ही फार मोठी गोष्ट आहे. आमच्या ऑफिसच्या स्नेहसंमेलनात किशोरकुमार गाणाऱ्यांना ती अजून कळलेली नाही.) मग हा गडी एका पायावर उभा राहून बासरीत फुंकतो, फुंकताफुंकता गुरगुरतो, मागे इलेक्ट्रिक गिटार तापलेली. मी पहिल्यांदा फोटो पाहिला तेव्हा आईनं विचारलं होतं, "हा कृष्ण झाला आहे का?" तिचं वर्गीकरण मला अजूनही त्यातल्या त्यात बरं वाटतं.

समीक्षकांशीही त्यांचं असंच झालं. 1971 चा अल्बम आला, लोक म्हणाले हा 'कॉन्सेप्ट अल्बम' आहे, म्हणजे सगळी गाणी मिळून एकच कथा. अँडरसन म्हणाला, नाही हो, सुटी गाणी आहेत. कोणी ऐकेना. तेव्हा 1972 मध्ये त्यानं चिडवायला म्हणून अख्खा अल्बम एकाच गाण्याचा केला. पाऊण तासाला थोडं कमी. अर्धं या बाजूला, अर्धं त्या बाजूला. कव्हर म्हणून 12 पानी खोटं वर्तमानपत्र, आणि गाण्याचे शब्द कोण्या शाळकरी पोराचे, जो जन्मलाच नव्हता. झाली थट्टा? अमेरिकेत पहिला नंबर. आणि लोक म्हणाले, पाहा, आम्ही सांगत नव्हतो, कॉन्सेप्टवालेच आहेत म्हणून!

दुपारी तीनला मी शरण गेलो आणि सरकारी शिक्क्याचा आधार घेतला. 1989 साली ग्रॅमीवाल्यांनी, म्हणजे अमेरिकेत संगीताची मोठी बक्षिसं देणाऱ्यांनी, हार्ड रॉक आणि मेटल या दोन दणदणीत प्रकारांना मिळून पहिल्यांदाच एक बक्षीस ठेवलं. ते मेटालिका या मेटल बँडला जाणार हे सगळेच धरून चालले होते. मेटालिकानं त्या रात्री स्टेजवर वाजवलंसुद्धा. लिफाफा फोडला तर आत जेथ्रो टल. सभागृहात हुर्यो. टलवाले आलेच नव्हते, मिळणार नाही असं त्यांच्या रेकॉर्ड कंपनीनंच सांगितलेलं. नंतर कंपनीनं जाहिरात देऊन टाकली की बासरी हे धातूचंच वाद्य आहे, म्हणजे मेटल. पुढच्या वर्षी ग्रॅमीवाल्यांनी हार्ड रॉक वेगळं आणि मेटल वेगळं केलं. 1992 मध्ये मेटालिकाला बक्षीस मिळालं तेव्हा त्यांच्या ढोलकऱ्यानं आभार मानले ते जेथ्रो टलचे, यंदा अल्बम काढला नाही म्हणून. खरं तर काढला होता.

एवढं सगळं मी बायकोला सांगितलं. तिनं त्यातला एक शब्द उचलला आणि ठसठशीत अक्षरात खोक्यावर चिकटवला. 'मेटल'. खोकं जिन्याखाली गेलं.

रविवारी सकाळी मी तर्री पोह्यांवर होतो. परत आलो तर फाटकात भंगारवाला. पितळी डबा, मोडका कुकर, पंख्याचं कव्हर हे सगळं त्यानं ठेल्यावर चढवलं होतं आणि तराजूच्या पारड्यात माझं खोकं.

"अरे, ते नाही!"

"भाऊ, वर लिहून आहे नं मेटल."

बायको आतून म्हणाली, "मी नाही दिलं. त्यानं वाचून घेतलं."

पण त्याचीच तक्रार निघाली. झाकण उघडून त्यानं एक कॅसेट उलटीसुलटी केली. "याच्यात मेटल कुठं आहे? सगळं प्लास्टिक आहे." मग डोळ्याजवळ नेऊन कोपरे पाहिले, अंगठ्याच्या नखानं एक खरवडला. "हां, हे पाच स्क्रू आहेत. एवढ्यासाठी मेटलचा भाव नाही देता येत, भाऊ. प्लास्टिकमध्ये टाकतो."

1989 पासून एवढ्या जाणकारांनी या प्रश्नावर डोकं खाजवलं, पण प्रत्यक्ष वजन करून निकाल देणारा हा पहिलाच.

हुज्जत ऐकून शेजारचे काका आले. काका अमरावती रोडवरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोतून निवृत्त झाले आहेत, म्हणजे त्यांचं आयुष्य मातीला नावं देण्यात गेलं. त्यांनी खोक्यात डोकावून चष्मा वर केला. "जेथ्रो टल? हे तर पेरणीवाले!"

"काका, हा बँड आहे."

"असेल. माणूस पेरणीचा. इंग्लंडातला. 1701 मध्ये पेरणी यंत्र केलं त्यानं. हे सुचलं कशावरून माहीत आहे? ऑर्गनच्या आतली खाच, जीभ, स्प्रिंग. पट्टी दाबली की सूर, तसं इथं बी. आपली तिफण त्याच्या आधीपासून चालते, ते सोड. चाड्यावर मूठ धरणारी बाई कोणाला विचारायला गेली होती? पण खताबाबत साफ चुकला. शेणखत नको, माती बारीक केली की झालं, म्हणायचा." काका त्या चुकीवर अजून चिडलेले दिसले.

आता बँडला हे नाव मिळालं त्यातही काही फार विचार नव्हता. सुरुवातीला क्लबवाले दुसऱ्यांदा बोलवत नसत, म्हणून ते दर वेळी नवं नाव घेऊन जायचे. एजंटाच्या कचेरीत कोणी इतिहासाचा शौकीन होता, तो नावं पुरवायचा. ज्या नावावर परत बोलावणं आलं, ते राहिलं. तरी पहिल्या रेकॉर्डवर कंपनीनं छापलं 'जेथ्रो टो'. ज्यांचं स्वतःचं नाव चिठ्ठीवर नीट आलं नाही, त्यांचा प्रकार काय येणार!

मी काकांना माझी अडचण सांगितली. ते फाटकावर रेलले.

"हे बघ, एका शेतात वरच्या धुऱ्याकडे बरडी असते. खाली उतरत गेलास की खरडी, मग मोरंड, नाल्याजवळ काळी. कुठे एक संपते नि दुसरी लागते? शेतकऱ्याला कळते, पायाला कळते. नकाशावर मात्र मला रेघ मारावी लागायची. रेघ जमलीच नाही तर आम्ही दोन-दोन नावं जोडून लिहायचो, संमिश्र म्हणून. साहेब विचारायचे, नक्की काय ते सांगा. म्हटलं, साहेब, तुम्ही तिथं चप्पल काढून चाला."

"मग खोक्यावर काय लिहू?"

"मी लिहीन तर 'मध्यम खोल, उताराची, निचरा बरा'." आणि एक कॅसेट खिशात घालून ते निघून गेले. बुधवारी परत दिली. म्हणाले, सुरुवातीला बरडी वाटली, दुसऱ्या बाजूला काळी लागली, पण मधे तो माणूस फार भुईमूग फोडल्यासारखा खोकतो. तो खोकत नाही, बासरी वाजवतो, हे मी सांगितलं नाही.

पुण्याहून मेहुणा आला होता त्या आठवड्यात. सांबारवडी खाताना तो शेवटपर्यंत वाटीतलं सांबार शोधत होता. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर हे बायकोनं वडी संपल्यावर सांगितलं. मला वाटलं, आता हिला माझी बाजू पटेल. तिनं त्याला आणखी एक वडी वाढली.

खोकं आता वर आहे. त्यावर 'ब्लूज', 'फोक', 'प्रोग्रेसिव्ह', 'मेटल' अशी चार खोडलेली नावं आणि खाली तिच्या अक्षरात 'यांचं'. शेजारी आणखी एक खोकं आहे, 'इतर' लिहिलेलं. मी म्हटलं, माझंही त्यातच टाकायचं होतं ना.

"त्यात नाही," ती म्हणाली. "त्यात कामाच्या वस्तू आहेत."